जर्मन कामगारांमधील समाजवाद

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या औद्योगिक कामगारांमध्ये रुजलेली आणि पुढे जगातील सर्वांत मोठा समाजवादी पक्ष उभा करणारी चळवळ. तिचे पहिले कार्यकर्ते पोलादाच्या भट्ट्यांवरचे नव्हते; ते शिंपी, मोची, सुतार, छापखान्यातले जुळारी असे हातात कसब असलेले लोक होते. चिरूट वळणाऱ्यांच्या कामात यंत्रांचा खडखडाट नसे. त्यामुळे एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि त्याच्या वाट्याचे चिरूट इतरांनी वळून द्यायचे, अशी रीत काही ठिकाणी होती.

फेर्डिनांट लासाल याने २३ मे १८६३ रोजी लाइप्झिग येथे जर्मन कामगारांचा पहिला पक्ष स्थापला. पुढच्याच वर्षी द्वंद्वयुद्धातील जखमेने तो मरण पावला. आउगुस्ट बेबेल (हा पेशाने कातारी) आणि विल्हेल्म लीब्कनेख्ट यांनी १८६९ मध्ये आयझेनाख येथे वेगळा पक्ष काढला. १८७५ मध्ये गोथा येथे दोन्ही गट एक झाले.

१८७८ मध्ये सम्राट पहिला विल्हेल्म याच्यावर दोनदा गोळीबार झाला. त्यामागे पक्षाचा हात नव्हता. तरी चान्सेलर बिस्मार्कने ती संधी साधून समाजवाद्यांच्या संघटना, सभा व पत्रे यांवर बंदी घालणारा कायदा करून घेतला. पण निवडणुकीतल्या उमेदवारीवर बंदी नव्हती. झुरिकला छापलेले पक्षपत्र चोरवाटांनी सरहद्द ओलांडून येई. गायनमंडळे, व्यायामशाळा आणि बिअरगुत्ते यांच्या आडोशाने संघटना जिवंत राहिली. दंडुक्याच्या जोडीला बिस्मार्कने आजारपण (१८८३), अपघात (१८८४) आणि वार्धक्य (१८८९) यांचे विमेही आणले. कामगारांनी विमा घेतला आणि मत बेबेलच्या पक्षाला दिले: १८८१ मध्ये सुमारे ६ टक्के असलेली मते १८९० मध्ये जवळजवळ २० टक्क्यांवर गेली आणि कायदा त्याच वर्षी संपला. पक्ष वाढला तो मार्क्सच्या ग्रंथांपेक्षा या छळामुळे अधिक, असेच म्हणावे लागते. ऱ्हाइनलँड व ऱ्हुरमधील पुष्कळ कॅथलिक कामगार मात्र आपल्या धर्माच्या सेंटर पक्षाकडेच राहिले.

पक्षाच्या १८९१ च्या एरफुर्ट कार्यक्रमात भाषा क्रांतीची होती, मागण्या मात्र आठ तासांच्या दिवसासारख्या रोजच्या जगण्यातल्या. १९१२ मध्ये पक्षाने राइशटागच्या (जर्मन संसदेच्या) ३९७ पैकी ११० जागा जिंकल्या. ४ ऑगस्ट १९१४ रोजी याच पक्षाच्या गटाने युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले.