माळरान आक्रसले, माळढोक संकटात

वन्यजीवांची एखादी प्रजाती संकटात सापडली की दोष प्रथम शिकाऱ्यांना दिला जातो. माळढोकाबाबत ते काही अंशी खरेही आहे. मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आल्यानंतरही या पक्ष्याची घसरण थांबली नाही. १९६९मध्ये देशात सुमारे १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता. आता निसर्गात दीडशेहून कमी पक्षी उरल्याचे मानले जाते. त्यातील बहुतेक राजस्थानात आहेत. २०११पासून ही प्रजाती 'अतिसंकटग्रस्त' गणली जाते.

माळढोकाची वीण मुळातच संथ असते. मादी वर्षाला साधारणपणे एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कोल्हे आणि भटक्या कुत्र्यांपासून, तसेच गुरांच्या खुरांखालून ते वाचले तरच पिल्लू जगते. त्यामुळे एका प्रौढ पक्ष्याच्या मृत्यूची भरपाई होण्यास अनेक वर्षे लागतात.

दुसरे कारण अधिवासाचा ऱ्हास. माळढोकाला जंगल नव्हे, मोकळे गवताळ माळरान लागते. सरकारदरबारी मात्र अशा जमिनीची नोंद बहुधा 'पडीक' अशी होते. परिणामी कोठे ओलिताची शेती आली, कोठे उद्योग. काही ठिकाणी तर हिरवाईच्या हेतूने गवतावर झाडे लावली गेली.

त्यात विजेच्या तारांची भर पडली. सुमारे १५ किलोपर्यंत वजनाच्या या पक्ष्याला समोरचे कमी दिसते आणि उडताना चटकन वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये माळढोकांच्या क्षेत्रातील तारा शक्य तेथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमण्यात आली.

सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत १९७९मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. गावे आणि खासगी शेतजमिनीही त्यात आल्याने व्यवहारांवर निर्बंध आले व स्थानिकांत नाराजी पसरली. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. आज नान्नजच्या माळावर माळढोकाचे दर्शन दुर्मिळ झाले आहे.

जैसलमेर जिल्ह्यात २०१९मध्ये कृत्रिम प्रजननाचा प्रकल्प सुरू झाला आणि तेथे पिल्ले वाढत आहेत. परंतु ती मोठी झाल्यावर सोडायची कोठे, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. त्यासाठी माळरान शिल्लक राहिले पाहिजे आणि त्याच्या रक्षणात तेथील शेतकरी व मेंढपाळांनाही वाटा मिळाला पाहिजे.