सावलीचे मोल : परभणी जिल्ह्यातील भाजीपाला-लागवडीचे अर्थकारण

सावलीखाली पीक घेण्याची कल्पना परभणीच्या शेतकऱ्यास नवी नव्हे. मराठवाड्यातील पानमळ्यांत शेवरी, हादगा, पांगारा ही झाडे आधी वाढवून त्यांच्या छायेत नागवेल चढवीत. कारल्या-दोडक्याचे वेल मांडवावर सोडीत. लाकूडफाटा शिवारातला, पाणी विहिरीचे, मेहनत घरची. या सावलीस श्रम पुष्कळ लागत, रोकड मात्र बेताचीच. शेडनेटने नेमके हेच प्रमाण उलटविले. (सरकारी कागदांत 'शेडनेटगृह' हा शब्द रूढ झाला, 'मांडव' कोणीही म्हटले नाही, आणि ते एका अर्थी योग्यच झाले.)

निजामी अमलात, म्हणजे 1948 पर्यंत, जिल्ह्याचे नगदी पीक कापूस हे होते. तो रेल्वेने दूर जाऊ शके; नाशवंत भाजी आठवडी बाजाराच्या परिघातच राहिली. 1972 साली परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्यानंतर भाजीच्या संरक्षणाचा एक वेगळा मार्ग पुढे आला. भेंडीचा 'पुसा सावनी' वाण पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या केवडा रोगास बळी पडू लागला होता. विद्यापीठाने रानटी जातीशी संकर करून 'परभणी क्रांती' हा वाण काढला. येथे संरक्षण बियाण्यातच होते. त्यासाठी शेतकऱ्यास भांडवल गुंतवावे लागले नाही. उलट शेडनेटची साधी जाळी मुख्यतः ऊन अडविते. माशी अडवावयाची तर अधिक बारीक विणीची जाळी घ्यावी लागते.

भांडवल किती? 2014 च्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यास चौरस मीटरला 710 रुपये, लाकडी सांगाड्यास 492 व बांबूच्या सांगाड्यास 360 रुपये हा खर्च मान्य धरून त्याच्या निम्मे अनुदान ठरविले होते. बांबूच्या दराने जुना मांडवच दरपत्रकात परत आला म्हणावयाचे. लोखंडी सांगाड्याच्या 1,000 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 10 गुंठ्यांचे, 7,10,000 रुपये होतात. अनुदान वजा जाता शेतकऱ्याचे 3,55,000. सांगाडा 10 वर्षे टिकेल व वर्षास 10 टन ढोबळी मिरची निघेल असे गृहीत धरले, तर किलोमागे 3 रुपये 55 पैसे केवळ सावलीचे. बी, पाणी, मजुरी आणि व्याज यांचा हिशेब याहून निराळा. भाव चांगला असता हा भार जाणवत नाही; बाजार कोसळला की तोडणीची मजुरीही निघत नाही, आणि सावलीचा खर्च तर आधीच होऊन गेलेला असतो.

जालना व देऊळगाव राजा या शेजारच्या भागांत शेडनेटला स्थैर्य लाभले ते प्रामुख्याने संकरित बियाण्याच्या उत्पादनामुळे. हिंगोलीत, म्हणजे 1999 पूर्वीच्या परभणी जिल्ह्यात, जन्मलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यास महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली; त्या व्यवसायाच्या विस्ताराने तेथे हाताने परागीकरण करणारे कुशल मजूर आणि कराराची रीत दोन्ही रुजली. बियाण्याचा सौदा लागवडीपूर्वीच ठरतो, भाजीचा तोडणीनंतर. परभणीच्या मिरची-काकडीवाल्यास ही हमी नसते. शिवाय मराठवाड्यातील वैशाखाचे ऊन व वावटळी यांत जाळी सांगाड्याच्या निम्मे आयुष्यही बहुधा काढीत नाही, आणि दुसरी जाळी घेण्याची वेळ येते तेव्हा पहिल्या हंगामांतील शिल्लक किती उरली, यावर तो सांगाडा झाकला जाणार की उघडाच राहणार हे ठरते.