बुऱ्हाणपूरच्या मशिदीतलं पंचांग

भुसावळला गोवा एक्सप्रेसमधून उतरलो आणि बुऱ्हाणपूरची गाडी धरली. समोर एक वयस्क शेतकरी बसले होते, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीचे. मी गोव्याचा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग भाऊ, तुम्ही ख्रिश्चन का?"

हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला चुकलाय? २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ६६ टक्के हिंदू आणि २५ टक्के ख्रिस्ती आहेत, पण घाटापलीकडे हे सांगून पटत नाही. मी थोडा चिडलोच. मग आठवलं, दोनच मिनिटांपूर्वी मी त्यांना म्हटलं होतं, "काका, मध्य प्रदेशात राहून मराठी एवढं छान कसं बोलता?" ते नुसते माझ्याकडे बघत राहिले होते. बुऱ्हाणपूर म्हणजे खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. भाषा तिथे आधीपासून होती, राज्याची हद्द १९५६ नंतरची. आम्हा कारकुनांना रकाने भरायची सवय, त्यातलाच हा प्रकार!

गावात जामा मशीद पाहिली. फारुकी सुलतान आदिलशहा, म्हणजे राजा अली खान, याने ती बांधली. आत अरबी लेख आहे आणि त्याच्या जोडीला चक्क संस्कृत लेख, देवनागरीत कोरलेला. सुरुवातीला निर्गुण, सर्वव्यापी ईश्वराला वंदन, मग फारुकी घराण्याची वंशावळ आणि शेवटी काळ: विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुक्ल पक्ष. एवढ्यावर थांबेल तर शपथ! नक्षत्र, योग, करण, लग्न, सगळं आहे. आपल्याकडच्या वर्षानुसार जानेवारी १५९०. जवळच्या असीरगडावरच्या मशिदीतही याच सुलतानाचा संस्कृत लेख आहे.

यावरून त्याला लगेच सर्वधर्मसमभावाचा पुतळा करू नये. उत्तरेला अकबर, दक्षिणेला निजामशाही, मधे हा. सगळ्यांना धरून राहणं त्याची गरजही असेल. पण मला खटकलं ते वेगळंच. तो लेख पाहून मी थक्क का झालो? आमच्याच राशोलच्या फादर स्टीफन्सनी १६१६ साली मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. इंग्रज जेझुइटाने मराठी लिहिलं तर कौतुक, आणि फारुकी सुलतानाने संस्कृत कोरवलं तर आश्चर्य. हा फरक माझ्या मनात कोणी, कधी घातला, मला सांगता येत नाही. शाळेतल्या पुस्तकात फारुकींना दोन ओळी तरी होत्या की नाही, कोण जाणे.

त्या राजाचा शेवटही ऐका. १५९७ साली गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोगलांची आणि अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा यांच्या फौजांची लढाई झाली. मोगलांचा सेनापती खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे दोहे लिहिणारा तोच रहीम. राजा अली खान त्याच्या बाजूने लढत होता. लढाईच्या गर्दीत तो दिसेनासा झाला. दख्खनचा माणूस, दख्खनवाल्यांनाच जाऊन मिळाला असणार, असं मोगल छावणीत ठरलं. चौकशी कोणी केली नाही. त्याचाच तळ त्याच्याच मित्रांनी लुटला.

नंतर रणांगणावर प्रेतांत त्याचं प्रेत सापडलं. तो मोगलांसाठी लढता लढताच पडला होता. ते बुऱ्हाणपूरला आणून पुरलं. त्याची कबर अजून तिथे आहे.