बडोद्याची पुस्तकपेटी

एकदा वाचायला शिकलेला माणूस वाचणे विसरतो का? पोहणे विसरत नाही, असे आपण म्हणतो. पण तिसरी-चौथीत शाळा सोडून शेतावर गेलेल्या मुलाच्या हाती पुढची सहा-सात वर्षे छापील कागदच पडला नाही, तर त्याची अक्षरे पुसट होत जातात. प्रौढ साक्षरता वर्ग चालवलेल्या शिक्षकांना हे सांगायला नको.

बडोदे संस्थानात हा प्रश्न लवकर उभा राहिला, कारण तेथे शिक्षणच लवकर सक्तीचे झाले. सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १८७५ मध्ये ते दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. सक्ती मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा वर्षांपर्यंत. म्हणजे दहाव्या वर्षी मुलीची शाळा संपली. मग तिने वाचायचे काय आणि कुठे?

त्याच वर्षी महाराज अमेरिकेला गेले होते. तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अलन्सन बॉर्डन यांना १९१० मध्ये बडोद्यास बोलावून घेतले. ग्रंथालये आपल्याकडे नव्हती असे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. पण अशी वाचनालये मुख्यतः वर्गणीदारांची असत. वर्गणी भरू शकणारा बहुधा आधीच शिकलेला असतो. बॉर्डन यांनी आखलेली व्यवस्था शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, खिशात पैसा नसलेल्या वाचकासाठी होती, आणि म्हणून ती मोफत होती.

महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे २० हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. १९११ मध्ये बॉर्डन यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. शहरातल्या ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. मुलांच्या विभागात खेळही ठेवलेले असत. ग्रंथालयात खेळ कशाला, असा प्रश्न आजही एखाद्या पालकसभेत येईल!

पण बडोद्याची खरी करामत शहरात नव्हे, खेड्यात दिसते. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांची पेटी जाई. मजबूत लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तके, आणि ने-आणीचा खर्च संस्थानाचा. एका गावाने वाचून झाली की ती परत येई आणि दुसऱ्या गावी निघे. यातले गणित सोपे असले तरी सुंदर आहे. शंभर गावांना प्रत्येकी पाचशे पुस्तके द्यायची तर पन्नास हजार प्रती लागतील. वीस-वीस पुस्तकांच्या शंभर पेट्या फिरत्या ठेवल्या तर दोन हजार प्रतींत काम भागते. गावात एका वेळी पुस्तके वीसच असतात. पण ती पालटत राहतात.

आणि ज्याला वाचताच येत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी दृश्यशिक्षणाची शाखा होती. जादूचा कंदील आणि सिनेमाची यंत्रे घेऊन माणसे गावोगाव जात आणि फुकट खेळ दाखवत. ग्रंथालय खात्याने सिनेमा दाखवावा हे त्या काळी कितीजणांना पटले असेल, कोण जाणे. आम्हाला मात्र ही कल्पना पेटीइतकीच मोलाची वाटते, कारण तीमुळे निरक्षर माणूसही ग्रंथालयाचा धनी झाला.

पैशाची व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. गावाला कायमचे ग्रंथालय हवे असेल तर खर्चाचा एक तृतीयांश भाग गावाने जमवायचा. तेवढाच प्रांत पंचायतीने आणि तेवढाच सरकारने द्यायचा. या कामामागे मोतीभाई अमीन यांच्यासारखा शिक्षक होता. बॉर्डन येण्यापूर्वीच, १९०६ पासून, त्यांनी मित्रमंडळांच्या द्वारे गावांत वाचनालये काढायला आरंभ केला होता. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले, जे. एस. कुडाळकर आणि अमीन यांच्यासारख्यांनी काम पुढे नेले. अनेक गावांत ग्रंथपाल म्हणजे शाळेचे मास्तरच. १९३९ मध्ये सयाजीरावांचे निधन झाले तेव्हा गावोगावच्या ग्रंथालयांची संख्या हजाराच्या वर गेली होती.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९१७ मध्ये, महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्यात नोकरीसाठी आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्यावर त्यांना एका सार्वजनिक बागेत जाऊन बसावे लागले. मोफत पुस्तके आणि सर्वांसाठी उघडी दारे ज्या शहरात होती, त्याच शहरातली ही हकिकत. दारावरची पाटी राजा बदलू शकतो. शेजारी कोण बसतो आहे हे बघणारी नजर हुकुमाने बदलत नाही. गावातली पेटी अस्पृश्य वस्तीपर्यंत किती पोचली असेल, हा प्रश्न या चळवळीचा इतिहास शिकवताना वर्गात जरूर विचारावा.

बडोद्याने हे सारे ग्रंथालयाचा कायदा न करता केले. भारतातला पहिला असा कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही; गावातली संस्था ग्रंथालय चालवते आणि सरकार तिला वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. म्हणजे आपल्या गावचे ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाचे वाचनालय ज्या तऱ्हेने चालते, तिचे बडोद्याच्या एक तृतीयांशाशी बरेच साम्य आहे. फरक इतकाच की तिथे पेटीही फिरत असे.

मध्यवर्ती ग्रंथालयासाठी १९३१ मध्ये मांडवीजवळ नवी इमारत झाली. पुस्तकांचे मजले पोलादी सांगाड्यावर उभे आहेत आणि त्यांची फरशी जाड काचेची आहे. पुस्तकांच्या दाट रांगांमध्ये उजेड पोचत नाही आणि कागदाजवळ दिवे लावणे धोक्याचे. काचेतून मात्र वरच्या मजल्याचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपतो. बडोद्यास सहल नेणार असाल तर मुलांना तिथे आधी खाली पाहायला सांगा आणि मग वर.