तांबी असूनहि राहिलेला गर्भ

गर्भ राहूं नये म्हणून गर्भाशयांत साधन बसवून घ्यावें आणि तरीहि गर्भ राहावा, हा प्रसंग विरळा असला तरी अशक्य नाहीं. असें झालें म्हणजे घरांत पहिला संशय बहुधा त्या स्त्रीचाच घेतला जातो. तिनें तें गुपचूप काढविलें असेल, कांहीं पथ्य मोडलें असेल, किंवा याहूनहि वाईट कांहीं असेल, असें बोललें जातें. साधनाला दोष द्यावा हें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं. या साधनाचा शंभरएक वर्षांचा इतिहास जो पाहील त्याला हा संशय किती अन्यायाचा आहे हें कळून येईल.

इ. स. १९०९ मध्यें रिश्टर नांवाच्या एका जर्मन डॉक्टरानें रेशमाच्या किड्यापासून काढलेल्या तंतूचें कडें गर्भाशयांत बसविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. या कल्पनेला खरें शास्त्रीय रूप दिलें तें बर्लिनचे डॉ. अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनीं. १९३० सालीं त्यांनीं आपला अनुभव आंकड्यांनिशीं मांडला. तंतूचें साधन ज्या ११०१ वेळां बसविलें, त्यांत गर्भधारणेचें प्रमाण शेंकडा ३.१ पडलें, चांदीची तार गुंडाळलेलें कडें वापरणाऱ्या ४५३ स्त्रियांत तें शेंकडा १.६ वर आलें. चांदीनें एवढा फरक कां पडावा याचा उलगडा तेव्हां झाला नाहीं. त्या तारेंत बरेंच तांबें मिसळलेलें होतें, ही गोष्ट फार पुढें ध्यानांत आली. यशाबरोबर अपयशाचाहि हिशेब या गृहस्थानें लपविला नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ते ज्यू असल्यामुळें १९३७ सालीं नाझी राजवटीनें त्यांना तुरुंगांत घातलें. पुढें सुटका होऊन ते १९४० मध्यें अमेरिकेंत गेले. साधनामुळें जंतुसंसर्ग होतो या भीतीनें बहुतेक डॉक्टरहि त्यापासून दूर राहिले.

१९६० नंतर प्लास्टिक हातीं आलें, तेव्हां या कल्पनेला पुन्हां जीव आला. बफेलो येथील डॉ. जॅक लिप्स यांनीं वेटोळ्याच्या आकाराचें साधन तयार करून त्याला खालीं दोरा जोडला. हेंच आपल्या देशांत ‘लूप’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. १९६५ सालीं भारत सरकारनें त्याचा देशभर प्रसार सुरू केला आणि पहिल्याच वर्षीं सुमारें आठ लक्ष स्त्रियांना तें बसविण्यांत आलें. दोरा ही लहानशी गोष्ट खरी, पण महत्त्वाची होती. साधन कित्येकदां नकळत बाहेर पडतें किंवा जागेवरून खालीं सरकतें, आणि स्त्री मात्र आपण सुरक्षित आहों असें समजून चालते. दोरा हातास लागतो कीं नाहीं हें पाहून तिला स्वतःच खात्री करून घेतां येऊं लागली. तथापि साधन जागेवर असूनहि गर्भ राहतो, असेंहि घडतें. तेथें कोणाचीच चूक नसते.

या इतिहासांतील काळें प्रकरण अमेरिकेंतलें आहे. बाल्टिमोरचे डॉ. ह्यू डेव्हिस यांनीं १९७० सालीं ‘डाल्कन शील्ड’ नांवाच्या साधनाविषयीं लेख लिहिला. ६४० स्त्रियांत गर्भधारणेचें प्रमाण केवळ शेंकडा १.१ पडलें, असें त्यांत म्हटलें होतें. परंतु हा अनुभव सरासरीनें साडेपांच महिन्यांचाच होता. शिवाय त्या स्त्रियांना जोडीला शुक्रनाशक फेंस वापरण्याचा सल्ला दिलेला होता, आणि साधनाच्या नफ्यांत लेखकाचा स्वतःचा वांटा होता. यांतलें कांहींच वाचकांस सांगितलें गेलें नाहीं. त्याच वर्षीं ए. एच. रॉबिन्स कंपनीनें तें साधन विकत घेतलें, आणि लाखों स्त्रियांनीं तें बसवून घेतलें.

प्रत्यक्षांत गर्भ राहण्याचें प्रमाण कितीतरी अधिक निघालें. त्यांत आणखी एक दोष होता. याचा दोरा एकेरी नव्हता; अनेक बारीक धाग्यांचा जुडगा नायलॉनच्या नळींत घातलेला होता. दिव्याची वात तेल वर ओढते, तसे हे धागे योनिमार्गांतील जंतू गर्भाशयांत ओढून घेत. गर्भ राहिल्यास साधन आंत राहूं दिलें तरी चालतें, असा त्या काळीं पुष्कळ डॉक्टरांचा समज होता. गर्भ वाढूं लागला म्हणजे दोरा वर ओढला जाई, जंतू गर्भापर्यंत पोंचत, आणि गर्भपात होऊन तीव्र ताप चढे. कांहीं स्त्रिया तर एकदोन दिवसांतच दगावल्या. जून १९७४ मध्यें डॉ. डोनाल्ड ख्रिश्चन यांनीं अशा मृत्यूंची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली, आणि त्याच महिन्यांत अमेरिकेंतील विक्री थांबली. १९७६ सालीं अशा साधनांची बाजारांत येण्यापूर्वींच तपासणी व्हावी असा कायदा तेथें झाला. हजारों दाव्यांखालीं दबलेल्या कंपनीनें १९८५ सालीं दिवाळखोरीचा अर्ज केला.

या मरणांतून वैद्यकानें धडा घेतला. साधन असतां पाळी चुकली तर वाट पाहत न बसतां तपासणी करावी. गर्भ गर्भाशयांतच आहे कीं बीजनलिकेंत आहे हें सोनोग्राफीनें प्रथम पाहावें. आणि गर्भ लहान असून दोरा दिसत असेल, तर स्त्रीला मूल हवें असो वा नसो, साधन हलक्या हातानें काढून टाकावें, असा आजचा नियम आहे. साधन आंत ठेवल्यास निम्म्याच्या आसपास गर्भ पडतात. काढल्यास तो धोका बराच उतरतो, मात्र पुरता नाहींसा होत नाहीं. मुलाच्या अंगांत व्यंग येतें, ही समजूत मात्र निराधार आहे.

दुसरा धडा तांब्याचा. चिली देशाचे डॉ. हाइमे झिपर यांनीं १९६९ च्या सुमारास तांब्याचा गुण सिद्ध केला. डॉ. हॉवर्ड टेटम यांच्या इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या साधनाला तांब्याची जोड मिळाली, आणि आपल्या बायकांची ‘तांबी’ जन्मास आली. तिच्या सुधारलेल्या प्रकारांत वर्षाकांठीं शंभरांत एकीलाहि गर्भ राहत नाहीं. परंतु वापरणाऱ्या स्त्रियांची संख्या लाखांनीं मोजली म्हणजे हा अल्प अंशहि हजारों घरांत जाऊन पोंचतो.

या हजारों घरांची दखल आपल्या कायद्यानें घेतली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९६६ सालीं आपला अहवाल दिला, आणि त्यावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. विवाहित स्त्रीनें वा तिच्या पतीनें वापरलेलें संततिनियमनाचें साधन निष्फळ ठरून गर्भ राहिला, तर तिला होणारा मनस्ताप हा मानसिक स्वास्थ्यास गंभीर इजा समजतां येईल, असें त्यांत स्पष्ट म्हटलें. २०२१ च्या दुरुस्तीनें ‘विवाहित’ व ‘पती’ हे शब्द गळून ‘कोणतीहि स्त्री’ व ‘तिचा जोडीदार’ हे शब्द आले. गर्भ ठेवावा किंवा न ठेवावा, हा तिचा विचार. परंतु साधन फसलें या तिच्या शब्दावर कायद्यानें विश्वास ठेविला. पन्नास वर्षांपूर्वीं कायद्याला जें उमगलें, तें घराघरांतील वडीलधाऱ्यांना उमगावयास आणखी उशीर लागूं नये.