तळटीप : संदर्भ-अखंडता

* एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या ज्या नोंदीचा हवाला देते, ती तिथे असलीच पाहिजे, हा नियम. बीडच्या वाचकाला तो सातबाऱ्यावरून चटकन कळेल. केज, गेवराई, कुठलाही उतारा घ्या : त्यावरचा फेरफार क्रमांक गाव नमुना ६ मध्ये आणि खाते क्रमांक ८अ मध्ये सापडायलाच हवा, नाहीतर हक्क कशाने आला हे वारसाने दाखवायचे कसे? संगणकशास्त्रज्ञ कॉड यांच्या १९७० च्या रिलेशनल प्रारूपावरचे डेटाबेस ‘फॉरेन की’ लावल्यास अशी पोरकी नोंद स्वीकारत नाहीत. मोठ्या संकेतस्थळांची माहिती अनेक सर्व्हरवर विखुरलेली असते. तिथे वेगासाठी ही तपासणी बऱ्याचदा प्रोग्रामवर सोपवतात. जमिनीच्या नोंदींत ही सवलत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. — संपा.