पावसाची सरासरी

मुलींच्या कॉम्प्युटर क्लासविषयी आम्ही बोललो, तेव्हा गटातल्या एका ताईंनी विचारलं, "पोरीला प्रोग्रॅम येतो म्हणतात. पण तिला तो खरंच समजलाय, हे मी कसं ओळखू?" ताई, हाच प्रश्न मोठमोठ्या विद्यापीठांनाही पडला होता.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९८० च्या दशकात एलियट सोलोवे विद्यार्थ्यांची परीक्षा घेत. त्यांचं एक गणित पुढे फार गाजलं. पावसाचे रोजचे आकडे एकेक करून कॉम्प्युटरला द्यायचे, ९९९९९ हा आकडा आला की थांबायचं आणि सरासरी काढायची. ९९९९९ म्हणजे पाऊस नव्हे, ती फक्त थांबायची खूण. बचत गटाच्या वहीत आपण शेवटी रेघ मारतो ना, तशी. रेघ कुणी बेरजेत धरतं का? पण शिकाऊ मुलं ती खूणही पावसात धरायची. कुणाची बेरीज बरोबर, तर दिवसांची मोजणी चुकलेली. सोलोवे यांना दिसलं ते असं, की सुटे तुकडे मुलांना येतात, अडतं ते जोडताना. गोधडी शिवणारीला हे वेगळं सांगायला नको.

पुढे २००१ मध्ये मायकल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना हिशेबयंत्राचा प्रोग्रॅम लिहायला दिला. ही मुलं प्रोग्रॅमिंगचं पहिलं शिक्षण घेतलेली. ११० पैकी सरासरी गुण पडले २३ च्याही आत! शिक्षक चक्रावले.

मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि इतर शिक्षकांनी उलटीकडून पाहिलं. लिहिणं राहू दे, मुलांना वाचता तरी येतं का? छोटे तयार प्रोग्रॅम देऊन विचारलं, शेवटी आकडा काय येईल? तेही अनेकांना जमेना. ज्यांनी कागदावर पायरीपायरीने आकडे मांडले, त्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण त्याला लागतो फक्त कागद आणि पेन्सिल.

तर ताई, लेकीला पावसाचा हाच प्रोग्रॅम लिहू द्या. मग कॉम्प्युटर बंद करा आणि तिला आकडे सांगा: १२, ०, ३०, ९९९९९. कुठल्या ओळीला काय होतं, ते तिने कागदावर मांडावं. उत्तर १४ यायला हवं. २१ आलं, तर कोरडा दिवस मोजलाच नाही. पंचवीस हजारांच्या घरात गेलं, तर रेघ बेरजेत शिरली.